इमारतीवरचा राग

फ्रँक गेरी हे नाव निघालं की माझं एक वाक्य ठरलेलं असे : कामगारांच्या मढ्यावर चमचमतं फूल ठेवणारा आर्किटेक्ट. लालबाग-परळच्या सभांमध्ये, एका दिवाळी अंकातल्या लेखात, इराण्याच्या हॉटेलात, सगळीकडे मी ते खपवलं. टाळी हमखास पडायची. स्पेनमधल्या बिल्बाओत गेरीने उभारलेलं गुगेनहाइम संग्रहालय मी तोवर पाहिलेलं नव्हतं, पण त्यावाचून काही अडतही नव्हतं. फोटो पाहिले होते, आणि फोटोच्या मागे काय गाडलंय ते मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. आता ते वाक्य मी वापरत नाही. ते का सुटलं, आणि त्यातलं काय अजून सुटत नाही, ते सांगतो.

वाक्य आलं कुठून ते आधी. माझे वडील मुंबईत कापडगिरणीच्या साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, तेव्हा आमच्या चाळीतल्या जवळपास प्रत्येक खोलीतलं कुणी ना कुणी संपात होतं. तो संप कधी रीतसर संपलाच नाही, विरत गेला. वडिलांनी पुढे एका सोसायटीत वॉचमनची रात्रपाळी धरली. ज्या गिरणीत त्यांची उमेद गेली, तिच्या आवारात आज काचेचा टॉवर आहे. कोपऱ्यात एक चिमणी शोभेला ठेवली आहे आणि रात्री तिच्यावर निळा दिवा सोडतात. त्या दिव्याचा मला जेवढा राग येतो तेवढा टॉवरचाही येत नाही.

बिल्बाओची गोष्ट वाचली तेव्हा ती मला आमचीच वाटली, फक्त नावं वेगळी. नेर्विओन नदीच्या खाडीकाठचं बास्क लोकांचं शहर. आसपासच्या डोंगरांत लोखंडाचं उत्तम खनिज, ते इंग्लंडला भरभरून जायचं. मग इथेच भट्ट्या, इथेच जहाजं. 'अल्तोस ओर्नोस दे विस्काया' हा पोलादाचा मोठा कारखाना 1902चा, तो 1996मध्ये बंद झाला. 'एउस्काल्दुना' ही गोदी 1900ची, ती 1988मध्ये बंद पडली. 1984च्या अखेरीस गोदी वाचवण्यासाठी कामगार देऊस्तोच्या पुलावर पोलिसांशी भिडत होते, त्यात एका कामगाराचा जीव गेला. शहरात काम मागणाऱ्या चौघांतला एक बेकार. आणि अशा शहराच्या पुढाऱ्यांनी 1991मध्ये काय करावं? न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम फाउंडेशनशी करार! इमारतीसाठी 10 कोटी डॉलर, चित्रं-शिल्पं घेण्यासाठी 5 कोटी, आणि फाउंडेशनला शुल्क म्हणून 2 कोटी. हे वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिथल्या लोकांचीही गेली होती. होर्खे ओतेइसा हा बास्कांचा मोठा शिल्पकार या प्रकल्पाच्या विरोधात उभा राहिला. संग्रहालय ऑक्टोबर 1997मध्ये उघडलं, जगभरच्या मासिकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि मी माझं वाक्य तयार केलं.

माझी भाची तिकडे बिल्बाओत पवनचक्क्यांच्या कामात इंजिनिअर आहे. तिने हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं. ती म्हणाली, "मामा, एकदा ये, बघ आणि मग हव्या तेवढ्या शिव्या घाल."

गेलो तो शिव्यांची तयारी करूनच. मुंबईत आपण इमारतीपाशी गाडीने जातो. इथे जुन्या, करड्या, लोखंडी गॅलऱ्यांच्या घरांच्या रस्त्याने चालत गेलो आणि रस्त्याच्या टोकाला गेरीची इमारत अचानक दिसली. तिच्यावर टायटॅनियमचे सुमारे 33,000 पत्रे आहेत, जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फोटोत सगळं गुळगुळीत दिसतं. जवळून पाहिलं तर एकही पत्रा सपाट नाही. प्रत्येकाला पोक आहे, किंचित सळ आहेत, इस्त्री न केलेल्या कपड्यासारखे. कुठे पाण्याचे ओघळ सुकले आहेत. त्या दिवशी आकाश भरलेलं होतं, 'सिरिमिरी' म्हणतात तसा बारीक पाऊस चालू होता, आणि करड्या उजेडात तो पत्रा सोनेरी झाला. ऊन पडल्यावर उलट पांढरा पडला. मी छत्री मिटून कितीतरी वेळ उभा होतो. भाची काही बोलली नाही, पण तिने माझा फोटो काढून बहिणीला पाठवला हे मला नंतर कळलं.

म्हणजे इमारत आवडली. हे कबूल करायला मला दोनेक दिवस लागले, पण मत बदललं ते त्याने नव्हे. चांगली इमारत वाईट कामासाठीही बांधता येते. सरंजामदारांचे वाडे काय कमी देखणे होते? उलट आत गेल्यावर माझ्या भाषणाला नवा मसाला मिळाला. सगळ्यात मोठ्या दालनात शिल्पकार रिचर्ड सेराच्या पोलादाच्या भिंती आहेत, 2005पासून कायमच्या. माणसाच्या दुप्पट उंच, गंजून तपकिरी झालेल्या, वळत वळत जाणाऱ्या. त्यांच्यामधून चालताना भिंत अंगावर झुकते आणि पोटात गोळा येतो. हे पोलाद घडवलं जर्मनीत! नदीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या भट्ट्या विझल्या, त्यांच्या गावात पोलाद आता बाहेरून शिल्प म्हणून येतं. वा, म्हटलं, हा मुद्दा सभेत चालेल.

माझी नोकरी बँकेतली, कर्जविभागातली. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे कळल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट कळल्यासारखी वाटत नाही. गेरीवर इतकी वर्षं तोंडसुख घेताना मी हा प्रश्न बिल्बाओच्या बाबतीत विचारलाच नव्हता. तिथे तो विचारावासा वाटला तो नदीमुळे. संग्रहालयापासून एउस्काल्दुनाच्या जुन्या गोदीपर्यंत काठाकाठाने चालत जाता येतं. डाव्या हाताला झाडं, हिरवळ, ट्रामचा रूळ, बाकांवर म्हातारी जोडपी. गोदीच्या जागी 1999मध्ये बांधलेलं संगीताचं आणि परिषदांचं सभागृह आहे, नाव तेच ठेवलंय, एउस्काल्दुना. गंजलेल्या रंगाच्या पोलादाची, अर्धवट बांधलेल्या जहाजासारखी रचना. पलीकडे सागरी संग्रहालयाच्या दारात गोदीची लाल क्रेन उभी आहे. तिला लोक 'कारोला' म्हणतात. रोज नावेतून नदी ओलांडून कामाला जाणाऱ्या एका देखण्या बाईचं ते नाव. ती दिसली की गोदीतले हात थांबायचे म्हणे. आमच्याकडच्या गिरणीतल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, अशा वेळी काय शब्द वापरले असते ते मी भाचीला सांगितलं नाही.

पण मी पाहत होतो ते पाणी. काठावर नाकाला रुमाल लावावा लागला नाही. भाची म्हणाली, हेच तर पहिलं काम होतं. गुगेनहाइमचा करार होण्याच्या कितीतरी आधी, 1979मध्ये, खाडीकाठच्या सगळ्या गावांचं सांडपाणी एकत्र गोळा करून शुद्ध करण्याची योजना ठरली होती. तोवर घरांची घाण, भट्ट्यांची रसायनं, खनिज धुतलेलं तांबडं पाणी, सगळं थेट नदीत. काही पट्ट्यांत पाण्यात प्राणवायूच उरलेला नव्हता. गालिंदोचं शुद्धीकरण केंद्र 1990मध्ये सुरू झालं, नळ घालण्याचं काम त्यानंतरही वर्षानुवर्षं चाललं, आणि या सगळ्यावर संग्रहालयाच्या कित्येक पट पैसा गेला. त्याचा फोटो कुठल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर येणार? मधल्या काळात मेट्रो आली, 1995मध्ये, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरची. रस्त्यावर तिची काचेची वळणदार तोंडं आहेत, लोक त्यांना लाडाने 'फोस्तेरितो' म्हणतात. खाडीच्या दोन काठांवरची कामगारांची गावं तिने शहराला जोडली. संग्रहालय उघडलं त्यानंतर दोन वर्षांनी. मी समजत होतो की शहराने आधी मुकुट घातला. मुकुट मधेच कुठेतरी आला होता.

आणि जमीन. इथे मी खरा अडकलो, कारण हा विषय मला झोपेतही पाठ आहे.

बिल्बाओचं बंदर बंद पडलं नाही. ते शहरातली नदी सोडून समुद्राच्या तोंडाशी सरकलं. काठावर आबांदोइबारा नावाची सुमारे 35 हेक्टर जागा मोकळी होऊ लागली : धक्के, रेल्वेचं मालयार्ड, गोदी. मालक वेगवेगळे, पण बहुतेक सरकारी. 1992मध्ये 'बिल्बाओ रिआ 2000' नावाची सार्वजनिक कंपनी काढली. निम्मे भाग माद्रिदच्या सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांचे, त्यात बंदर आणि रेल्वे. निम्मे बास्क सरकार, जिल्हा आणि नगरपालिकांचे. माद्रिद आणि बास्क यांचं विळ्या-भोपळ्याचं नातं ज्यांना माहीत आहे त्यांना हे किती अवघड होतं ते कळेल. व्यवहार असा : बंदराने आणि रेल्वेने जमीन कंपनीच्या ताब्यात द्यायची, नगरपालिकेने तिचा वापर बदलून द्यायचा, काही भूखंड बिल्डरांना चढ्या भावाने विकायचे, आणि आलेला पैसा त्याच शहरात ओतायचा. रूळ जमिनीखाली घालायला, बाराकाल्दोसारख्या पडक्या कामगारवस्तीत रस्ते-बागा करायला, नदीपलीकडच्या जुन्या गरीब मोहल्ल्यांना. आबांदोइबाराची निम्म्याहून अधिक जागा सार्वजनिक राहिली.

हे कळल्यावर मी रात्री भाचीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मुंबईचा हिशेब मांडला. नव्याने काही शोधायचं नव्हतं. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58वा नियम ढोबळमानाने असा होता : गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या तुकड्यांची उरली. गिरणीच्या आवारात शेडी आणि गोदामं वजा केली तर मोकळं असतं किती? 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. सुमारे 600 एकरांची ही गोष्ट. बरं, सगळ्या गिरण्या खासगी नव्हत्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईत 25 गिरण्या होत्या, म्हणजे जमीन तुमची-आमचीच. त्यांचा एकत्रित आराखडा चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996मध्ये दिला होता. गेरीची इमारत तेव्हा अर्धी उभी होती. आराखडा फाइलीत राहिला, गिरण्यांचे सुटे-सुटे लिलाव झाले, पैसा महामंडळाची देणी भागवायला आणि इतर गिरण्या सावरायला गेला. परळचं पाणी दर पावसाळ्यात होतं तिथेच तुंबतं.

कोरियांचं नाव त्या कागदावर लिहिलं आणि माझं वाक्य तिथेच मोडलं. आर्किटेक्ट तर आपल्याकडेही होता! जगाने मानलेला, मुंबई तळहातासारखी ओळखणारा. गेरीच्या हाती ठरलेली जमीन, ठरलेला पैसा आणि पाठीशी एकमताने उभे राहिलेले पुढारी होते, म्हणून इमारत ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात झाली. कोरियांच्या हाती आराखड्याचा कागद होता. एवढी वर्षं मी काचेवर, पत्र्यावर, वळणांवर चिडत होतो. दगडी इमारती बांधल्या असत्या तर गिरणगाव वाचलं असतं का? चिमणीवरच्या निळ्या दिव्यावर राग काढणं सोपं होतं. 2001च्या त्या दुरुस्तीवर बोलायला गेलं की सभेतले लोक जांभया द्यायचे, आणि मलाही टाळी हवीच असायची.

दुसरी एक गोष्ट सांगायला जड जाते. त्या गोदीपाशी उभा असताना मला आठवलं की वडिलांनी मला गिरणीच्या दारातसुद्धा कधी उभं केलं नव्हतं. कापसाची धूळ, साच्यांचा आवाज, संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना नीट ऐकूही यायचं नाही. मी बँकेची परीक्षा पास झालो तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले होते. आणि मी पुढे आयुष्यभर व्यासपीठावरून त्याच गिरणीच्या भोंग्याच्या आठवणीने गहिवरत आलो. त्यांना गिरणी परत नको होती. त्यांना थकलेली देणी हवी होती, घर हवं होतं, आणि वयाच्या पन्नाशीत वॉचमनचा दंडुका हातात यायला नको होता. एउस्काल्दुनाच्या बऱ्याच कामगारांना निदान मुदतपूर्व निवृत्ती मिळाली. भांडून मिळाली, पुलावर रक्त सांडून मिळाली, पण मिळाली.

म्हणून बिल्बाओ हे काही रामराज्य नाही. आधुनिक वास्तुकलेच्या नावाखाली तिथे फजितीही झाल्या आहेत. सुबिसुरी नावाचा, आर्किटेक्ट कालात्रावाचा पांढरा, देखणा पादचारी पूल आहे, 1997चा. त्याची जमीन काचेची. ज्या गावात वर्षभर भुरभुर पाऊस, तिथे काचेचा पूल! लोक धडाधड घसरले, फरशा फुटल्या, शेवटी नगरपालिकेने वर जाजम अंथरलं. त्याच पुलाला पलीकडच्या नव्या इमारतींकडे जाणारा जोडपूल लावला, तर आर्किटेक्ट माझ्या कलाकृतीला धक्का लागला म्हणून कोर्टात गेला आणि अपिलात 30,000 युरो भरपाई मिळवून मोकळा झाला. त्या जाजमावरून चालताना मी इतका हसलो की भाचीला माझा दंड धरावा लागला.

'रिआ 2000'चं गाडंही भूखंडांच्या चढ्या भावावर चालत होतं. 2008नंतर भाव पडले तशी कामं रखडली. जमीन विकून शहर घडवायचं तर शहराला जमीन महाग राहण्यातच रस उरतो, हे बँकेत बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि डावा काठ. मेट्रोने पोर्तुगालेतेला गेलो. तिथे 1893चा लोंबता पूल आहे : नदीच्या वर 45 मीटरवर लोखंडी तुळई, तिच्यावरून तारांनी टांगलेला पाळणा, त्यात माणसं आणि मोटारी भरून इकडून तिकडे. जहाजांची डोलकाठी अडू नये म्हणून अशी रचना. अजून रोज चालते. सव्वाशे वर्षांचं यंत्र आजही खडखडाट न करता दीड-दोन मिनिटांत नदी पार करतं, आणि त्यात उभे असलेले लोक मोबाइल बघत असतात. उजव्या काठाला उतरलो तर कारखानदारांच्या हवेल्या, डाव्या काठाला मागे वळलं तर कामगारांच्या उंच, चिंचोळ्या इमारती. पुढे सेस्ताओ. तिथे अल्तोस ओर्नोसची एक भट्टी स्मारक म्हणून राखली आहे. दुकानांची शटरं बरीच खाली. गेरीचं सोनं इतक्या खालच्या अंगापर्यंत वाहत आलेलं मला तरी दिसलं नाही.

संग्रहालयाच्या आतही पाहायला हवं. तिथली साफसफाई ठेकेदाराकडे. त्या बायकांनी 2021मध्ये संप केला, नऊ महिने टिकवला आणि पगारात सुमारे 20 टक्के वाढ घेतली. भाची तेव्हा तिकडे नवीन होती. म्हणाली, दारात त्या रोज उभ्या असायच्या, शिट्ट्या वाजवत. टायटॅनियमच्या भिंतीखाली संप! हे ऐकून मला जो आनंद झाला तो सेराच्या भिंतींनी झाला नव्हता. संपाला यश येऊ शकतं, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही.

परत आल्यावर माझ्या जुन्या मित्राला हे सगळं सांगितलं. त्याची हयात कामगार संघटनेत गेली. तो म्हणाला, "बाटवलं तुला त्यांनी." मी म्हटलं, बाटलो असेन, पण मुंबई पोर्टच्या जमिनीचं बोल. न्हावा-शेवा 1989मध्ये सुरू झालं, माल तिकडे वळत गेला, आणि इकडे पूर्व किनाऱ्यावर सुमारे 1,800 एकर. गोदामं, भाऊचा धक्का, दारुखान्यात जहाजं तोडणारे, शिवडीचे फ्लेमिंगो. गिरण्यांसारखी ही जमीन अजून हातची गेलेली नाही, आणि तिच्यावर काय बांधणार याची देखणी चित्रं दर काही वर्षांनी वर्तमानपत्रांत येतात. चित्रं कशी आहेत यावर मी आता एक शब्द बोलणार नाही. पहिला भूखंड विकला तर पैसा कुठल्या खात्यात जमा होणार, सांडपाण्याचे नळ आधी की टॉवर आधी, आणि दारुखान्यातल्या माणसाला घर कुठल्या पिनकोडवर मिळणार, एवढंच विचारणार.

तो म्हणतो, माद्रिद आणि बास्क एका टेबलावर बसले म्हणून दिल्ली, मंत्रालय आणि महापालिका बसतील असं तुला वाटतं का? वाटत नाही. पण पूर्वी आम्ही दोघं मिळून आर्किटेक्टला शिव्या घालायचो आणि समाधानाने उठायचो. आता किनाऱ्याचा नकाशा टेबलावर पसरून भांडतो, चहा तीनदा होतो आणि एकमत होत नाही. पुढच्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात हरकती-सूचनांची सुनावणी लागली आहे. तो संघटनेतर्फे येतोय, मी माझ्या कागदासकट.